रैहान आपल्या खिडकीत, पेस्टो आपल्या दस्तरख्वानावर

सब्जा हा शब्द आपल्या घरांत दोन प्रसंगी हमखास कानावर येतो. एक रमजानमध्ये, इफ्तारीच्या सरबतात किंवा फालुद्यात घालायला काळे दाणे भिजत ठेवताना. दुसरा शब-ए-बरातला किंवा एखाद्या जुमेरातीला कबरस्तानात जाताना, गुलाबाच्या पाकळ्यांसोबत हिरव्या फांद्या घेताना. दाणे वाण्याकडून येतात, फांद्या फुलवाल्याकडून येतात. दोन्ही एकाच रोपाचे आहेत हे अनेकांना ठाऊक नसते, कारण मधले रोप कोणी निवांत पाहिलेलेच नसते.

अलीकडे या रोपाचे तिसरे नाव आपल्या घरात शिरले आहे, तेही मुलांच्या तोंडून. ते म्हणजे बेसिल. पास्ता आणि पिझ्झा आता लहान शहरांतही मिळतो, आणि त्यासोबत पेस्टो नावाची हिरवी चटणी. मुले ती मागतात. मॉलमध्ये तिची बोटभर उंचीची बाटली आठवड्याच्या भाजीइतक्या किमतीला मिळते. वर तिच्यावरची बारीक अक्षरे वाचू लागलो की हलाल-हरामचा प्रश्न उभा राहतो, तो वेगळाच. आमचे म्हणणे एवढेच आहे की या बाटलीची गरज नाही. रोप आपले आहे, नाव आपले आहे, वाटण्याची कला तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातात आहे. फक्त पान तेवढे आपण खायचे विसरलो आहोत.

नाव जुने, ओळख नवी

उर्दू आणि फारसीत या रोपाला रैहान म्हणतात. युनानी हकीम सब्जाच्या बियांना तुख्मे रैहान म्हणतात. आपल्या वस्तीत रेहाना नावाची एखादी मुलगी आणि रेहान नावाचा एखादा मुलगा नक्की असतो. वर्गात आम्ही कधी कधी विचारतो, "तुझ्या नावाचा अर्थ काय?" उत्तर येते, "सुगंध." मग आम्ही कुंडीतले एक पान चुरगळून त्याच्या हातावर ठेवतो. त्या वेळी मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आपले नाव जमिनीतून उगवते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

कुरआन शरीफमध्ये हा शब्द दोन ठिकाणी येतो: सूरह रहमानच्या बाराव्या आयतीत आणि सूरह वाकियाच्या एकोणनव्वदाव्या आयतीत. अरबीत रैहान म्हणजे कोणतीही सुवासिक वनस्पती, असा व्यापक अर्थही घेतात, आणि काही मुफस्सिरांनी त्याचा अर्थ रिझ्क, म्हणजे रोजी, असाही केला आहे. त्यामुळे तिथे नेमके हेच रोप अभिप्रेत आहे असा दावा आम्ही करणार नाही. पण सुगंध आणि रोजी हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सहीह मुस्लिममध्ये एका हदीसचा आशय असा आहे की कोणी रैहान देऊ केले तर नाकारू नये, कारण ते उचलायला हलके आणि वासाला चांगले असते.

इराणमध्ये जेवणाबरोबर ताज्या पानांचे एक ताट ठेवतात. त्यात पुदिना, मुळा, कांद्याची पात यांच्यासोबत रैहान असतेच, आणि कबाबाबरोबर ते कच्चेच खातात. पूर्व तुर्कस्तानात आणि अझरबैजानमध्ये जांभळ्या रैहानचे सरबत करतात. फारसीत याचे एक जुने नाव शाहस्परम आहे, म्हणजे राजाची सुवासिक वनस्पती. गंमत म्हणजे बेसिल हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थही 'राजाचे' असाच आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच रोपाला एकच मान दिला.

तुळस वेगळी, सब्जा वेगळा

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इंग्रजीत दोन्हींना बेसिल म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. शेजारच्या हिंदू घरांपुढे वृंदावनात असते ती तुळस. सब्जा त्याच कुळातला, पण वेगळा. चुलत बहिणी म्हणा. तुळशीच्या पानाला लवंगेसारखा तिखट, औषधी वास असतो. सब्जाच्या पानाला बडीशेपेची गोडसर झाक असते. इटालियन बेसिलचे पान मोठे, गुळगुळीत, होडीसारखे फुगीर असते आणि वास आणखी मऊ असतो.

पेस्टोसाठी तुळस वापरू नये. चव तर बिघडतेच, शिवाय ज्या रोपाला शेजारी रोज दिवा लावतात, त्याची चटणी करणे हे शेजारधर्मालाही शोभत नाही. आम्ही हे मुलांना आवर्जून सांगतो. सब्जा किंवा इटालियन बेसिल लावल्यावर कोणाच्याही भावनेला धक्का लागण्याचे कारण उरत नाही.

"हे तर कबरस्तानातले"

आमच्या सोलापुरातल्या शाळेत परसबाग आहे. पालक, मेथी, कोथिंबीर यांच्या वाफ्याशेजारी आम्ही एका वर्षी सब्जा लावला आणि सहावीच्या मुलांना एकेक रोप घरी दिले. दुसऱ्या दिवशी एका मुलाची नानी पिशवीत ते रोप घेऊन शाळेत आल्या.

"टीचर, हे परत घ्या. हे तर कबरस्तानातलं. घरात कशाला?"

आम्ही त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. त्या म्हणाल्या, "ह्याच्या नानांच्या कबरीवर मी दर जुमेरातीला ह्याच्या हातून सब्जा पाठवते. मला जाता येत नाही. ते गेले तेव्हा घरात हाच वास होता. आता सकाळी उठले आणि खिडकीतून तोच वास आला. काळजात चर्र झालं."

यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. रोप निरुपद्रवी आहे, इराणमध्ये लोक खातात, हे सगळे खरे असले तरी त्या क्षणी ते बोलणे उद्धटपणाचे ठरले असते. कबरीवर हिरवी फांदी ठेवण्याबद्दल आपल्यात मसलकांनुसार वेगवेगळी मते आहेत, आणि तो आजचा विषय नाही. विषय होता एका बाईच्या मनाचा. आम्ही म्हणालो, "नानी, रोप आमच्या वर्गाच्या खिडकीत ठेवतो. नाव तुमच्या नातवाचेच राहील. पाणीही तोच घालेल."

तसे झाले. मुलगा रोज पाणी घालत राहिला. रमजान येऊन गेला, ईद झाली. ईदनंतर नानी पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "ते रोप द्या. फुलवाला दोन काड्यांचे किती पैसे घेतो! कबरीवर घरचाच सब्जा जाऊ दे." आता ती कुंडी त्यांच्या घराबाहेर, पायरीवर असते. घरात त्या अजूनही घेत नाहीत, आणि पेस्टो तर चाखलाही नाही. "तुमची ती हिरवी चटणी तुम्हीच खा," असे हसून म्हणतात. पण नातू चार पाने तोडून अंड्याच्या पोळ्यावर टाकतो, तेव्हा त्याला अडवत नाहीत. आम्हाला एवढे पुरे वाटते. प्रत्येक घराची आठवण वेगळी असते. तिला वेळ द्यावा लागतो.

कुंडीत कसे लावायचे

आपल्याकडे बी टाकायला सर्वांत चांगला काळ म्हणजे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. जूनच्या सुरुवातीलाही लावता येते, पण सततच्या पावसात आणि दमट हवेत पानांवर बुरशी येते. कोकणातल्या वाचकांनी पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात ठेवावी. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ इथे एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा.

बी दोन प्रकारे मिळते. वाण्याकडचा खाण्याचा सब्जा पेरला तरी तो बहुधा उगवतो, आणि एक चमचाभर बियांत गल्लीला पुरतील इतकी रोपे होतात. इटालियन बेसिलचे बी रोपवाटिकेत किंवा बियाण्याच्या दुकानात पाकिटात मिळते. एक सावधगिरी मात्र घ्या. पेरणीसाठी विकलेल्या बियांना कधी कधी औषध लावलेले असते, त्यामुळे पाकिटातले बी सरबतात कधीही घालू नये.

कुंडी आठ इंची पुरते. खाली भोके हवीतच. तेलाचा रिकामा डबा किंवा जुनी बादलीही चालते. दोन भाग बागेची माती, एक भाग गांडूळ खत किंवा कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण भुसभुशीत राहते. कोकोपीट नसेल तर वाळू घ्या. माती ओली करून वर बी विखरा आणि अगदी पातळ थर माती भुरभुरा. बी खोल गेले तर उगवत नाही. बियांभोवती पांढुरका बुळबुळीत थर दिसला तर घाबरू नका. सरबतात फुगतो तोच हा सब्जा. पाच ते दहा दिवसांत कोंब दिसतात. रोपे बोटभर झाली की एका कुंडीत दोन-तीन चांगली ठेवा आणि बाकीची दुसरीकडे लावा किंवा शेजारी द्या.

ऊन रोज पाच-सहा तास हवे. पूर्वेची खिडकी किंवा गच्ची उत्तम. पाणी सकाळी, मुळाशी घाला. पानांवर रात्रभर पाणी राहिले की रोग येतो. मातीत बोट खुपसून पाहा, वरचा पेरभर थर कोरडा लागला तरच पाणी द्या. रोपे मेली तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेले असते, कमी क्वचितच.

आता सगळ्यात महत्त्वाचे काम, खुडणे. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की वरचा शेंडा दुसऱ्या जोडीच्या जरा वर नखाने खुडा. मुलांना हे क्रूर वाटते. पण खुडलेल्या जागेखालून दोन नव्या फांद्या फुटतात, त्या खुडल्या की चार. न खुडलेले रोप काठीसारखे उंच वाढते आणि लगेच तुऱ्यावर येते. तुरा आला की रोपाची ताकद बियांत जाते, पाने बारीक आणि कडवट होतात. म्हणून पानांसाठी ठेवलेल्या रोपाचे तुरे दिसताक्षणी काढावेत. एक रोप मात्र मुद्दाम फुलू द्यावे. त्यावर मधमाश्या येतात, आणि तुरे वाळल्यावर हातावर चोळले की पुढच्या वर्षीचे बी आणि रमजानच्या सरबताचे दाणे, दोन्ही घरचेच.

मावा किंवा पांढरी माशी दिसली तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. फार झाली तर कडुलिंबाचे तेल पाण्यात पातळ करून फवारा, आणि नंतर काही दिवस पाने खाऊ नका, खाताना नीट धुवा. बाकीचे कीटकनाशक खाण्याच्या रोपावर मारू नये. नवे रोप हवे असेल तर चार-पाच इंचांची फांदी तोडून खालची पाने काढा आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. विज्ञानाच्या तासाला यापेक्षा स्वस्त प्रयोग नाही.

पेस्टो मूळ कुठला

पेस्टो इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जिनोव्हा या बंदराच्या शहराचा. इंग्रजीत त्याला जेनोआ म्हणतात. पेस्टो हा शब्द कुटणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे, म्हणजे शब्दशः 'कुटलेले'. तिकडे ते संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने करतात. आमच्या सोलापूरची शेंगाचटणी जिने खाल्ली आहे, तिला हे लगेच कळेल. ती चटणी कुटलेली असते म्हणूनच दाण्याचे तेल सुटते आणि चव येते. वाटलेल्या आणि कुटलेल्यातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

जिनोव्हाच्या पश्चिमेला प्रा नावाचा भाग बेसिलसाठी प्रसिद्ध आहे. 2005 मध्ये युरोपीय संघाने जिनोव्हाच्या बेसिलला भौगोलिक ओळखीचे संरक्षण दिले, जसे आपल्याकडे काही आंब्यांना आणि द्राक्षांना मानांकन असते. तिथे रोप अगदी कोवळे असतानाच मुळासकट काढून जुड्या बांधून विकतात. त्यातून आपण घ्यायचा धडा हा की पान कोवळे हवे, तुरा येण्याआधीचे.

पेस्टोची छापील कृती 1863 मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या जिनोव्ही पाककृतींच्या पुस्तकात आली. त्या कृतीत लसूण, बेसिल, किसलेले चीज, चिलगोजासारखे पाइनचे दाणे आणि तेल आहे. पण बेसिल नसेल तर दुसरी सुवासिक पाने वापरा, असेही त्यात म्हटले आहे, आणि चीजमध्ये चक्क हॉलंडचे चीज आहे. जिनोव्हा बंदर होते, जहाजातून जे येई ते स्वयंपाकघरात जाई. सिसिलीतल्या त्रापानी शहरात बदाम आणि टोमॅटो घालून पेस्टो करतात. फ्रान्सच्या दक्षिणेला पिस्तू नावाने तेच वाटण दाण्यांशिवाय करतात. तेव्हा आपण काजू किंवा शेंगदाणे घातले तर कोणाचा अपमान होत नाही. अशा बदलांतूनच हा पदार्थ वाढला आहे.

चीजचा प्रश्न

बाटलीतल्या परदेशी पेस्टोत बहुतेक वेळा चीज असते. मूळ इटालियन पार्मिजानो चीज बनवताना दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेले रेनेट वापरतात. त्या चीजच्या नियमांतच तसे आहे. मेंढीच्या दुधाच्या पेकोरीनोत कोकराचे रेनेट असते. जनावर कसे कापले गेले हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. या रेनेटबद्दल उलमांची मते एकसारखी नाहीत. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे.

व्यवहारात सोपा मार्ग असा की भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण असते. हिरव्या खुणेच्या चीजमध्ये प्राण्याचे रेनेट नसते. भारतात तयार झालेले, पार्मेझानच्या धर्तीचे कडक चीजही या खुणेसह मिळते. ते नसेल तर साधे प्रक्रिया केलेले चीज किसून घाला. ते खारट असते, म्हणून मीठ कमी करा. चीजच नको असेल तर फ्रेंच पिस्तूसारखे चीजशिवाय करा, वर लिंबाचे चार थेंब पिळा. मुलांना पाकीट उलटून खूण शोधायला लावा. अकरा-बारा वर्षांचे मूल हे सहज करते, आणि आयुष्यभर करते.

कृती: चौघांसाठी

साहित्य: बेसिलची कोवळी पाने 50 ग्रॅम, म्हणजे हलक्या हाताने दाबून साधारण दोन मोठ्या वाट्या. काजू 25 ग्रॅम. लसणाच्या पाकळ्या एक मोठी किंवा दोन लहान. किसलेले चीज 40 ग्रॅम. जैतूनचे तेल 80 ते 100 मिलीलिटर. जाडे मीठ पाव चमचा.

मूळ कृतीतले पाइनचे दाणे म्हणजे आपल्या चिलगोजाचे भाऊ. चिलगोजा किन्नौरहून आणि अफगाणिस्तानातून येतो आणि त्याचा भाव ऐकून हात मागे येतो. काजू मऊ आणि गोडसर असल्याने त्याची जागा छान घेतो. काजूची पाकळी किंवा तुकडा घेतला तर आणखी स्वस्त. शेंगदाणे घ्यायचे तर हलके भाजून, साले काढून घ्या. घरात कोणाला दाण्यांची ॲलर्जी असेल तर दाणे वगळा.

तेलाबद्दल एक सूचना. मालिशसाठी मिळणारे जैतूनचे तेल खाण्याच्या कामाचे नाही. डब्यावर खाद्यतेल असल्याचे आणि एक्स्ट्रा व्हर्जिन असल्याचे लिहिलेले हवे. ते महाग वाटत असेल तर अर्धे जैतून आणि अर्धे वास नसलेले साधे तेल घेता येते.

पाने धुऊन स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडी करा. ओल्या पानांचा पेस्टो काळा पडतो आणि लवकर खराब होतो. खलबत्त्यात आधी लसूण आणि मीठ कुटा. मलई झाली की काजू घाला. ते बारीक झाले की पाने मूठ-मूठ घाला. आता जोराने ठोकायचे नाही, बत्ता खलाच्या कडेने गोल फिरवत पाने दाबायची, मीठ त्यांना फोडते. हिरवा रस सुटला की चीज, आणि शेवटी तेल थोडे थोडे. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. पाट्यावर वाटले तरी चालते.

मिक्सरमध्ये करायचे असेल तर भांडे आणि पाते आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. दाणे, लसूण, तेल आधी फिरवा, मग पाने, आणि बटण दाबून-सोडून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवले की पाते तापते, आणि उष्णतेने पानांचा रंग आणि वास दोन्ही जातात.

सब्जाच्या पानांचा पेस्टो करत असाल तर अर्धी पाने सब्जाची आणि अर्धी कोथिंबीर घ्या. बडीशेपेची झाक सौम्य होते. आमच्या घरी हाच जास्त होतो, आणि इटालियन बेसिलचा सणासुदीला.

कशाबरोबर, किती दिवस

पास्त्याबरोबर खायचा तर पेस्टो आचेवर शिजवू नका. चार माणसांना 350 ते 400 ग्रॅम पास्ता उकळा, उकळलेले पाणी अर्धी वाटी बाजूला ठेवा, पास्ता निथळून आच बंद करा आणि मग पेस्टो आणि दोन-तीन चमचे ते पाणी घालून हलवा. जिनोव्हात याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबीही शिजवतात. चीजच्या ढिगापेक्षा हे बरे. पोट भरते, खर्च कमी येतो, मुलांच्या पोटात भाजी जाते.

पास्त्याची सक्ती नाही. सीख कबाबाबरोबर पुदिन्याच्या चटणीऐवजी, भाजलेल्या मासळीवर, उकडलेल्या अंड्यावर, पावात, खमिरी रोटीबरोबर पेस्टो शोभतो. आमच्याकडची कडक ज्वारीची भाकरी मोडून तिच्यावर लावला तर पाहुणा नाव विचारतो. इफ्तारीसाठी एक सरबतही करा: मूठभर पाने उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवा, गाळा, साखर आणि लिंबू घाला, गार करा आणि वर भिजलेला सब्जा सोडा. एकाच रोपाचे पान आणि बी एका ग्लासात येतात. लहान मुलांना सब्जा कोरडा कधीही देऊ नका. तो घशात फुगू शकतो. निदान पंधरा मिनिटे भिजवूनच द्या.

साठवण्याबद्दल नीट वाचा. पेस्टो स्वच्छ कोरड्या बाटलीत भरून वर बोटभर तेल ओता आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच दिवसांत संपवा. जास्त झाला तर बर्फाच्या साच्यात गोठवा. तीन-चार महिने चांगला राहतो, हवी तेवढी वडी काढता येते. पण फ्रीजबाहेर ठेवू नका. कच्चा लसूण तेलाखाली, बंद बाटलीत, उबदार हवेत राहिला तर त्यात बोटुलिझमचे विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. त्याला ना वास येतो, ना चव बदलते. लोणचे टिकते म्हणून हेही टिकेल असे समजू नये. लोणच्यात आंबटपणा आणि मीठ भरपूर असते, यात नसते. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला प्रेमाने बाटली पाठवावीशी वाटते, पण एसटीच्या दहा तासांच्या प्रवासात ती पाठवू नका. तिला बियांची पुडी आणि ही कृती पाठवा. खोलीच्या खिडकीत एक कुंडी मावते.

तोडलेली पाने फ्रीजमध्ये काळी पडतात. ती डहाळीसकट पाण्याच्या ग्लासात, ओट्यावर, उन्हापासून दूर ठेवा. पुष्पगुच्छासारखी दोन-चार दिवस टवटवीत राहतात.

एक रोप, तीन घरे

बी टाकल्यापासून पहिली तोडणी होईपर्यंत साधारण दीड ते दोन महिने लागतात. रमजानला पाने हवी असतील तर त्याच्या दोन-अडीच महिने आधी बी टाका. तीन कुंड्या करा. एक स्वतःसाठी. एक मुलाच्या नावाने, तिचे पाणी आणि खुडणे त्याच्याकडेच. तिसरी कोणाला तरी द्यायला. ती शेजाऱ्यांना द्या, शाळेला द्या किंवा कबरस्तानाच्या दारातल्या फुलवाल्याला द्या.

कोणी झाड लावले आणि त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते, ही हदीस आपल्या मुलांना पाठ असते. सब्जाचे रोप पाठ केलेले ते वाक्य रोज सकाळी पाणी घालताना खरे करून दाखवते. त्याच्या तुऱ्यावर मधमाशी बसते, पानावर मूल हात फिरवते, फांदी कोणाच्या तरी कबरीवर जाते. आता त्यातली चार पाने आपल्या दस्तरख्वानावरही येऊ द्या.